डावा खाली

जसोंडी, १२ नोव्हेंबर १९५६

विनायक,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

भाऊबीजेला पाट मांडला होता. पंडितचे वडील म्हणाले, विनायक अकोल्याला गेला, येत नाही. मी म्हटलं, मला काय माहीत नाही? तरी मांडला. मग अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं, ज्यांना भाऊ नसतो त्या बाया ओवाळतात तसं. चंद्र तरी केवढा, नखाएवढा. ताट ठेवेपर्यंत केळीच्या मागे बुडाला. त्यालाही घाई.

सरकारने तुम्हा मास्तरांना कागद दिला, कोणत्या राज्यात नोकरी पाहिजे ते लिहा. तू अकोला लिहिलंस. लिही. आपलं बुऱ्हाणपूर नागपूरचं होतं ते आता भोपाळचं झालं, त्यात तुझा दोष नाही. पण तुझी सिंधीपुऱ्यात एक तालीम होती, ती कोणत्या कागदावर लिहिलीस? भाचा कोणत्या कागदावर लिहिलास? चौदा वर्षांचा पंडित मी तुझ्या हवाली केला. तू म्हणालास, "आक्का, आजपासून हा तुझा नाही, तालमीचा." आता वीस वर्षांचा झाला. कोणाचा झाला ते सांग. रोज सायकल दामटत जसोंडीहून तालमीत जातो, कारण मामाच्या घराला कुलूप आहे.

दसऱ्याला तू माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, आधी गुडघा. डाव्या पायाला वर्षभर विश्रांती, यंदा मैदान नाही, पुढचं पुढे बघू. मी म्हटलं, आधी मैदान. मागच्या वर्षी नागपूरच्या यादीत त्याचं नाव होतं की नाही? ती यादी आता कोणाची? नागपूरवाले म्हणतील हा आमच्या राज्यातला नाही, भोपाळवाले म्हणतील आम्ही याला ओळखत नाही. जानेवारीत इंदूरला नव्या राज्याची कुस्त्यांची पहिली दंगल आहे. तिथे नाव झालं तर पोलिसात घेतील म्हणतात. वर्षभराने कोणी आपल्यासाठी जागा धरून बसणार आहे का?

तू उठून गेलास. आठ दिवसांनी कळलं, अकोला घेतलं. म्हणजे गुडघ्यासाठी भांडलास, की जायचंच होतं म्हणून भांडण पाहिजे होतं?

गुडघ्याला काही झालेलं नाही. जेवताना डावा पाय लांब करून बसतो एवढंच. मोठा माणूस आहे, जागा लागते.

जाताना तालमीच्या भिंतीवर गेरूने लिहून गेलास ना, आधी गुडघा म्हणून? तालमीत बाईने पाऊल ठेवायचं नाही, म्हणून मी दारातूनच कडूला सांगितलं, दिवाळीचा चुना द्यायचा तर पहिली ती भिंत दे. कडू म्हणाला, "वस्तादांनी लिहिलंय, कोकिळाबाई." त्याचं वय झालं, तुमची अंगं रगडून रगडून हात वाकडे झाले, तरी अजून तुला घाबरतो. मी म्हटलं, वस्ताद असता तर लिहून कशाला गेला असता, तोंडाने सांगितलं असतं.

आशीर्वाद उरले नाहीत.

आक्का


जसोंडी, ९ डिसेंबर १९५६

विनायक,

तुझं कार्ड परवा आलं. पहिलीच ओळ, यंदा त्याला उतरवू नको. तिथेच कळलं. पेटीत टाकलं. तेच तेच किती वाचू? आणि किती बारीक अक्षर काढतोस रे, कार्डाच्या कडेपर्यंत नुसत्या मुंग्या.

तुझी तालीम ओस पडली असेल असं तुला वाटत असेल. नाही पडली. नवे उस्ताद आले, उज्जैनचे. नाव लांबलचक आहे, सगळे उज्जैनवालेच म्हणतात. त्यांचं मध्य भारत राज्यही बुडालं म्हणे, तेव्हा तेही नव्याने नाव कमवायला निघाले. निदान निघाले तर इकडे आले. तुझ्यासारखे उलट्या दिशेला नाही गेले.

मागच्या रविवारी घरी येऊन गेले. पंडितच्या पाठीवर थाप मारली, त्याला पळवला, परत थाप मारली आणि मला म्हणाले, "बाई, लड़के का दम कच्चा है। पहले दम, बाकी सब बाद में।"

तुझं आधी गुडघा, यांचं आधी दम, माझं आधी मैदान. पंडितचे वडील बाजूला सुतळी वळत बसले होते. दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस. म्हणाले, "आणि पोराचं आधी काय, ते विचारलं का कोणी?"

सगळे हसले. पंडितही हसला.

दर रविवारी पोरांना असीरगडावर नेतात. पायथ्यापासून वर पळायचं, परत पळत उतरायचं. कडू सांगतो, बाकीची पोरं उड्या मारत उतरतात, पंडित आडवा आडवा उतरतो खेकड्यासारखा. उस्तादांनी विचारलं तर म्हणाला, दगड सुटे आहेत. शहाणा आहे माझा.

आणि एक. आखाड्यात हे उस्ताद तोंड उघडत नाहीत. हातात बांबूची कामटी असते, चूक होईल तिथे टेकवतात, झालं. तुझ्यासारखी बोंबाबोंब नाही. तू ओरडायचास "उजवा खाली! डावा खाली!" तर आख्ख्या सिंधीपुऱ्यातल्या बायांना पाठ झालं होतं. नळावर धुणं धुता धुता एकमेकींना म्हणायच्या, उजवा खाली म्हणजे उजवा गुडघा मातीत, डावा खाली म्हणजे डावा, आणि लगेच समोरच्याचे दोन्ही पाय पंडितच्या कवेत. आता तालीम गप्प आहे. त्या बाया विचारतात, पहिलवान मेले का काय?

इंदूर तेवीस जानेवारीला आहे. तुला यायचं नाही हे मला माहीत आहे, म्हणून ये असं लिहीत नाही.

आक्का


जसोंडी, २ फेब्रुवारी १९५७

विनायक,

तुझ्या शब्दाने माझं पोरगं मोडलं.

मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बायका दंगलीला जात नाहीत. कडू गेला होता, त्याने सांगितलं तसं लिहिते. मध्ये मध्ये मी त्याला थांबवत होते, तेव्हा तुटक असेल.

पहिल्या दोन कुस्त्या पंडितने मारल्या. पहिली तर पान खाऊन होईस्तोवर संपली म्हणे. तिसरी ग्वाल्हेरच्या एका गड्याशी. तीच शेवटची, ती मारली की निवड. बारा मिनिटं दोघे एकमेकांची मान धरून. पंडित दमला नव्हता. उज्जैनवाल्यांनी दम भरला होता, हे खोटं कशाला लिहू. मग त्या ग्वाल्हेरवाल्याने हात टाकला आणि त्याची डावी बाजू उघडी पडली. उस्तादांनी पाहिलं. दोन महिन्यांत ज्या माणसाने आखाड्याजवळ आवाज काढला नाही तो उभा राहून ओरडला.

"बायाँ खाली! पंडित, बायाँ खाली!"

म्हणजे, त्याची डावी बाजू रिकामी आहे, तिकडून घे.

तू म्हणशील, हिंदीत खाली म्हणजे रिकामं एवढं त्याला कळत नाही का? कळतं. बुऱ्हाणपूरच्या बाजारात केळीची गाडी उतरवली की तोच हमालांना सांगतो, गाडी खाली झाली. पण ते बाजारात. मातीत उतरल्यावर त्याने सहा वर्षं फक्त तुला ऐकलं. डोक्याला अर्थ लागायच्या आत डावा गुडघा मातीत टेकला होता. तोच. नको तोच. आणि ग्वाल्हेरवाला आपल्या सगळ्या वजनासकट वरून आला.

कडू म्हणाला, "कोकिळाबाई, आवाज आला. ऊस मोडतो..." मी म्हटलं, बस. पुढचं सांगू नको.

उस्ताद मातीत येऊन पंडितचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि कडूला विचारत होते, "मैंने तो कहा खाली है, वो बैठ क्यों गया?" कडूने समजावलं. दोनदा समजावावं लागलं. 

इंदूरच्या दवाखान्यात पाय बांधला. डॉक्टर म्हणाले, चालेल. पंडितच्या वडिलांनी विचारलं, कुस्ती? डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

तू असतास तर असं झालं असतं का? तू ओरडला असतास तर तुझंच ओरडणं असतं, त्याने तेच केलं असतं जे तुला पाहिजे. शब्द पोराच्या हाडात ठेवून गेलास आणि स्वतः अकोल्याला शाळेतल्या पोरांकडून कवायत करून घेतोस. एक दोन, एक दोन. त्यांचे गुडघे सांभाळ.

पंडित तुझं नाव घेत नाही. कोणी घेतलं तर भिंतीकडे तोंड करतो. म्हणतो, "मामाला माहीत होतं हे उस्ताद हिंदी बोलतात. एक शब्द कळवायचा होता."



आक्का


जसोंडी, १० मार्च १९५७

विनायक,

तुझं पत्र मिळालं. रजनीने खाली दोन ओळी लिहिल्या त्याही वाचल्या. तिला म्हणावं, वहिनी म्हणून तुझा राग नाही.

तू विचारतोस, कार्डात उस्तादांसाठी निरोप लिहिला होता तो त्यांना दिला का. कोणतं कार्ड? मला मिळालं नाही. मिळालं असेल तर तेलाचा हात लागून पुसलं असेल. माझ्याकडे नाही. परत विचारू नको.

येता येणार नाही, परीक्षा आहेत असं लिहितोस. कवायतीच्या मास्तरला कसली रे परीक्षा?

पट्टी सोडली. पाय वाकत नाही. पाटावर बसता येत नाही म्हणून ओट्याला टेकून उभ्याने जेवतो. तूप वाढलं तर परत करतो. म्हणतो, कोणासाठी?

आक्का


जसोंडी, २१ एप्रिल १९५७

विनायक,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. कार्ड मिळालं होतं. डिसेंबरात मीच तुला कळवलं होतं मिळालं म्हणून, ते पत्र ठेवलं असशील तर काढून बघ. मला खोटंही धड जमत नाही.

तुझं विचारणं आलं त्या दिवशी पेटी उघडली. कार्ड होतं, तेल बिल काही लागलेलं नव्हतं. उन्हात बसून बोट ठेवून ठेवून वाचलं. वर तेच, यंदा उतरवू नको, आधी गुडघा. मधे पंडितच्या मालिशीचं. आणि त्याच्या खाली, जिथून मी डिसेंबरात वाचायचं सोडलं त्याच्या बरंच खाली, हे:

"उज्जैनचे उस्ताद आल्याचा कडूचा निरोप मिळाला. माझं ऐकायचं नसेल तर निदान त्या नव्या उस्तादांना एवढं सांग. पंडितपुढे खाली हा शब्द काढू नका. त्यांच्यात तो रिकामं, आपल्यात तो गुडघा टेक. बाहेर त्याला दोन्ही कळतं. मातीत एकच कळतं. विसरू नको, आक्का."

मी परत घडी घालून पेटीत ठेवलं आणि तुला लिहिलं, मिळालं नाही.

दीड महिना ठेवलं. अजूनही ठेवलं असतं. पण गेल्या सोमवारी उज्जैनवाले निरोप घ्यायला आले. तालीम सोडून चालले. पंडितसाठी मावा जिलेबीचा पुडा आणला होता, तो हातातच धरून उभे. पंडित बाहेरच्या खोलीत होता, त्याने भिंतीकडे तोंड केलं. उस्ताद त्याच्या पाठीशीच बोलले. "बेटा, मेरी ज़बान से टूटा तू। अब मैं किसी को कुछ नहीं सिखाऊँगा।" साठीला आलेला माणूस, विनायक. पोराच्या पाठीला हात जोडले त्याने.

एक अकोल्यात बसून वाईट झाला आहे आणि दुसरा माझ्या दारात उभा राहून वाईट होतो आहे, आणि मी चहा टाकते आहे. मला ते बघवेना. साखरेचा डबा ठेवला, पेटीतून कार्ड आणलं आणि म्हटलं, थांबा.

मोठ्याने वाचायला मला वेळ लागतो तुला माहीत आहे. पहिल्या ओळीनंतर मी थांबले. पंडित भिंतीकडे बघतच म्हणाला, "पूर्ण वाच."

पूर्ण वाचलं. उस्तादांना सगळं मराठी कळत नव्हतं, पण खाली कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पुडा ओट्यावर ठेवला आणि गेले.

मग पंडित वळला. पाय न वाकवता वळायचं म्हणजे त्याला आधी हाताने पाय उचलून ठेवावा लागतो. म्हणाला, "माय, हे सगळं वाचायला तेव्हा किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "दूध उतू जाईल एवढा. चुलीवर दूध होतं त्या दिवशी."

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

 त्याचे वडील उठून वावरात गेले. उन्हात, काही काम नसताना.

दुसऱ्या दिवशी पंडित कडूबरोबर सिंधीपुऱ्याला गेला. आता तिथेच तालमीत राहतो. मातीच्या कडेला स्टूल टाकून बसतो आणि पोरांना शिकवतो. उस्ताद कामटी तिथेच सोडून गेले, ती घेतली आहे. ओरडत नाही, टेकवतो. मी भाकरी घेऊन जाते, दारात ठेवते. कडू आत नेतो. परवा दारातून पाहिलं, माझा चुना दिलेली भिंत अजून पांढरीच आहे. आधी काय ते त्याने अजून लिहिलेलं नाही.

गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. खेकड्यासारखा उतरतो ते ऐकून मी तुला हसत लिहिलं ना, त्या दिवशी जेवले नव्हते. तरी पाठवला. एकदा पोलिसात नाव लागलं की मग दुखू दे, मग सांभाळू, असं वाटलं. आधी हे, मग ते. तुम्ही वस्ताद लोक असंच ठरवता ना? मीही ठरवलं.

पण तुला मी सोडत नाही. निरोप उस्तादांसाठी होता तर उस्तादांनाच का नाही लिहिलास? पत्ता तुझ्याच तालमीचा. हिंदी तुला माझ्याहून चांगली येते. तुझ्या जागेवर बसलेल्या माणसाला लिहायचं तर हात उचलेना, म्हणून बहिणीला लिहिलंस. दुसरीतून काढलेल्या बहिणीला. का काढलं होतं मला, आठवतं? तुला कसं आठवेल, तू तेव्हा पाळण्यात होतास. तुला कडेवर घ्यायला कोणीतरी पाहिजे होतं म्हणून काढलं. पुढे तुझ्या पाटीवर बघून बघून जेवढी अक्षरं आली तेवढी आली. आणि एवढी मोठी गोष्ट तू तिला सगळ्यात शेवटी लिहिलीस, मुंग्यांएवढ्या अक्षरात, तिची घाई तुला पन्नास कोसांवरून माहीत असताना. वर लिहायची होतीस. पहिल्या ओळीत. पण पहिल्या ओळीत तुला माझ्यावर जिंकायचं होतं.

मला नाही वाचवलं, तुला नाही लिहवलं. डाव्या गुडघ्यात दोघे आहोत.

कार्ड सोबत पाठवते. ते घरात ठेवलं तर मी रोज काढून वाचीन. पंडितला काय लिहायचं ते तू लिही, तालमीच्या पत्त्यावर, मी मध्ये येणार नाही. मलाही लिहायचं असेल तर या पानाच्या खाली जागा खाली सोडली आहे. शिव्या असल्या तरी चालतील. फक्त अक्षर मोठं काढ. दूध चुलीवरून उतरवून ठेवीन आणि मग वाचीन.

आक्का